टॉवेलाखालचा माऊस

माऊसला हात लावायच्या आधी बाबा खांद्यावरचा टॉवेल काढायचे, तो माऊसवर अंथरायचे आणि मग त्याखाली हात घालायचे. "सौदा उघड्यावर करायचा न्हाई, पोरी," ते मला सांगायचे. "बगनाऱ्याची नजर भाव बिघडवती." मग स्क्रीनवरच्या लाल राजाकडे बघून हळूच म्हणायचे, "दोन बोटं तू खाली ये, दोन बोटं मी वर येतो."

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. आता नुसता संताप येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

राहुरीत बाजाराच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्जही भरून देते. बाबा माझे वडील नव्हेत, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे; पहिल्यांदा आले ते रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. गर्दी होती, म्हणून मी त्यांना कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसवलं. त्यावर माझ्या भावाने एक गेम उघडाच ठेवला होता. त्यात चार राजे असतात. एक आपला, बाकीचे तीन कॉम्प्युटर चालवतो; लाल राजा त्यातलाच एक. कोणाकडे लाकूड जास्त, कोणाकडे दगड, कोणाकडे धान्य. एकमेकांशी अदलाबदल करायची, आपलं गाव वाढवायचं, आणि नाही पटलं तर लढाई. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण देवाणघेवाणीच्या पानावर सगळी चित्रंच होती. एका बाजूला द्यायचं ते, दुसऱ्या बाजूला घ्यायचं ते.

"ह्यो तर बाजार हाय!" ते म्हणाले, आणि त्यांची झेरॉक्स काढून झाली तरी उठले नाहीत.

बाबांनी उभा जन्म घोडेगावच्या बैलबाजारात दलाली केली होती. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात, कोणतं बोट दाबलं, कुठलं पेर दाबलं, त्यावरून समजून घेतात. बाबांची बोटं सगळा बाजार ओळखायचा म्हणे. कासरे ओढून ओढून ती गुळगुळीत झाली होती, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी.

गेम मात्र त्यांना कधीच जमला नाही. लाल राजाने देवाणघेवाण नाकारली की हे रीतसर रागावून उठायचे आणि समोरच्या टपरीवर चहाला जायचे. बाजारात गिऱ्हाईक असं उठलं की मागून हाक येते, मग थोडं ताणून परत यायचं असतं. बाबा चहा संपवून कान देऊन बसून राहायचे. परत येईपर्यंत लाल राजाने त्यांचं गाव जाळलेलं असायचं.

"हाक मारायची सोडून आग लावली यानं," ते म्हणायचे. "काय रीत हाय का?"

नकार आला की त्यांचा एकच सवाल असे. "का न्हाई? जनावर लंगडं हाय? दात पडल्यात? न्हाई म्हनायला कारन लागतं!" कॉम्प्युटर कारण देत नसे. आणि एवढं होऊनही त्याच लाल राजाचं धान्य संपलं की बाबा बदल्यात काही न घेता त्याला पोती द्यायचे. उपाशी माणसाशी सौदा करू नये, आधी त्याला खाऊ घालावं आणि मग बोटं धरावीत, असा त्यांचा नेम होता.

मी चिडायचे. माझा स्वभावच तापट. "बाबा, तो माणूस नाही. त्याला पोट नाही!"

"मंग धान्य मागतो कशाला?" ते शांतपणे विचारायचे.

आता रेशनचं सांगते. बायको गेल्यापासून बाबांच्या कार्डावर त्यांचं एकट्याचं नाव होतं. दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं होतं, आणि एका महिन्यापासून ते मशीन बाबांचा अंगठा घेईना. मोबाईलवर ओटीपीचा नंबर मागवायची सोय होती, पण कार्डाला जोडलेला मोबाईल बायकोचा. तो तिच्यामागे बंद पडलेला. दुकानदार म्हणायचा, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यातही तेच. शेवटी मी त्यांच्याबरोबर गेले.

बाबा मशीनपुढे कसे उभे होते सांगू? सौद्याला उभं राहावं तसे. अंगठा टॉवेलाला पुसून लावला. मशीन लाल झालं. "बरं, ह्ये घे," म्हणून दुसरं बोट लावलं. मग तिसरं. मग दुसऱ्या हाताची. एकेक बोट असं पुढे करत होते, जणू कुठल्या तरी एकावर ते राजी होईल.

"माझ्या हातात काय न्हाई, ताई," दुकानदार मला म्हणाला. "मशीनच न्हाई म्हनतंय."

"मग कोणाच्या हातात आहे? त्याला बोलवा!" मी ओरडले. "मागे पोत्यांची थप्पी दिसतेय, समोर माणूस उभा दिसतोय, आणि तुम्ही त्या डबीला विचारताय तो आहे का म्हणून?"

रांगेत बैलबाजारातला एक म्हातारा व्यापारी होता. तो पुढे आला, बाबांच्या टॉवेलाखाली हात घातला आणि डोळे मिटले. "ह्यो त्योच हाय," तो म्हणाला. "ह्या बोटांनी मला दोनदा बुडवलाय. कुटं बी सही करून देतो." रांग हसली. दुकानदारही हसला. धान्य दिलं नाही.

बाबांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. "आवाज चढवला की भाव पडतो, पोरी." मला त्या क्षणी त्यांचाही इतका राग आला! अहो, तुमचं धान्य आहे ते, सौदा कसला करताय?

तहसील कचेरीतल्या साहेबांनी आधार केंद्राकडे पाठवलं. केंद्रावरचा म्हणाला, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, कचेरीत जा. मी माझ्याच दुकानातून ऑनलाइन तक्रार टाकली. बऱ्याच दिवसांनी तिच्यापुढे 'नामंजूर' आलं. कारणाचा रकाना कोरा.

बाबा कोपऱ्यातून बघत होते. "का न्हाई म्हनतंय?"

"सांगत नाही."

"ह्ये बी तसलंच व्हय," ते म्हणाले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले.

मी घरची ज्वारी द्यायला लागले. फुकट घेईनात. दर वेळी बदल्यात दारच्या गवारीच्या शेंगा, नाहीतर लिंबं आणायचे आणि मला टॉवेलाखाली बोटं धरायला लावायचे. त्यांची बोटं हडकत चालली होती, ते मला असं हाताला कळत गेलं. "आनखी घ्या," मी एकदा त्यांच्याच बोलीत म्हटलं, तर म्हणाले, "माज्या नावाचं येऊ दे की. मंग तुलाच देतो."

त्यांच्या नावाचं आलं नाही. उन्हाळ्यात बाबा गेले. उपाशी गेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला पुरावा लागतो आणि पुरावा फक्त मशीनचा चालतो. शेजाऱ्याने रेशन दुकानात जाऊन नुसतं सांगितलं, म्हातारा गेला. लगेच नाव कमी झालं. त्यासाठी कोणाला अंगठा लागला नाही, रेषा लागल्या नाहीत, या कचेरीतून त्या कचेरीत जावं लागलं नाही. माणूस आहे हे पटवता पटवता त्याची बोटं झिजली, आणि नाही म्हटल्यावर एका शब्दात पटलं.

परवा तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर विकायला काढला. त्याआधी एकदा चालू करून पाहिला. बाबांचा शेवटचा डाव तसाच होता. मी तो पुढे सुरू केला, आणि थोड्या वेळाने लाल राजाचा निरोप आला. आपणहून. लाकूड देतो, दगड देतो, मला धान्य दे.

इतके दिवस टपरीवर बसून ज्या हाकेसाठी ते कान द्यायचे, ती ही.

"आत्ता?" मी मोठ्याने म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

बाबांनी दिलं असतं. बदल्यात काही न घेता दिलं असतं, हे मला माहीत आहे. मी 'नाही'वर बोट दाबलं. कारण सांगितलं नाही.