तांदळात लिहिलेलं नाव

गेल्या मंगळवारी उज्जैनच्या फ्रीगंजात आधार कार्डाच्या रांगेत उभे होतो, मी आणि सौ. नंबर आला. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं सौ.ची दहावीची मार्कशीट पाहिली, मग राशन कार्ड पाहिलं आणि मान वर केली... "आंटी, इसमें द्वारका है, इसमें वैशाली. आप कौन हैं?"

आम्ही दोघंही हसलो. हाच प्रश्न सतरा वर्षांपूर्वी याच गावात तिला विचारला होता, आणि तेव्हा हसण्याची सोय नव्हती.

त्या वेळी घरोघरी नुकतं केबल येत होतं, चौकाचौकात एस.टी.डी.चे पिवळे बूथ उघडत होते. मी पोस्टात होतो, नानाखेडा वस्तीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. सौ. जवळच्या एका बालवाडीत मुलांना गाणी शिकवायची. मुलं तिला सोडून घरी जायला तयार नसायची.

मग बालवाडीत नियम आला... ज्यांच्याकडे दहावीची मार्कशीट नाही, त्यांना पुढच्या सत्रापासून काम नाही. सौ. खानदेशातल्या आमच्याच भागातली, नववीपर्यंत शिकलेली. नंतर लग्न झालं आणि शाळा सुटली.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी दहावी देऊ का हो?"

तिशीची बाई, मुलगी दुसरीत. अभ्यास सगळा हिंदीतून. रोज पहाटे तुळशीला पाणी घालून झालं की ती गणिताची वही उघडायची. मी शिकवायला बसलो तर चौथ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही शिकवता कमी आणि रागावता जास्त. माझं मी बघते."

शेजारचे शर्माजी नळावर चिडवायचे, "भाभीजी, अब क्या कलेक्टर बनोगी?" सौ. बादली उचलत म्हणायची, "बन गई तो सबसे पहले आपका टपकता नल ठीक करवाऊँगी."

प्रायव्हेट, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून द्यायच्या परीक्षेचा फॉर्म मी भरला. पोस्टात रोज दहा जणांचे फॉर्म भरून देणारा माणूस मी... बायकोचा फॉर्म भरायला कितीसा वेळ लागणार? नावाच्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं, 'वैशाली'.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात ताटभर तांदळात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मी एका मासिकात वाचलेलं नाव लिहिलं होतं. तिला आवडलं का, हे कुणी विचारलं नाही... मीही नाही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजलेसुद्धा. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचंच नाव होतं, द्वारका. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळी ती आधी सांदीपनी आश्रमात गेली. कृष्ण शिकायला उज्जैनला आला होता, तीच ही जागा. तिनं पेन पायरीला टेकवलं, डोळे मिटले आणि आम्ही सायकलवरून केंद्रावर पोहोचलो.

फाटकातच प्रवेशपत्र आणि मूळ दाखला ताडून बघत होते. केंद्राध्यक्ष म्हणजे चष्मा कपाळावर चढवलेले वयस्कर सर. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले... "ये वैशाली, वो द्वारका. दूसरे के नाम पर नहीं बैठ सकते."

मी पुढे झालो. माझ्या मोडक्या हिंदीत तांदूळ, ताट, अंगठी, सगळं सांगून पाहिलं. घंटा व्हायला पंधरा मिनिटं राहिली होती. वर्षभराची मेहनत आणि बालवाडीतली ती मुलं, सगळं माझ्या सुरेख अक्षरापायी बुडणार होतं.

सरांनी हातानंच मला थांबवलं. "आप रुकिए. बाई, आप बताइए. आप कौन हैं?"

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सरकवल्या आणि हात पुढे केला. लहानपणी जत्रेत तिच्या आईनं गोंदवून घेतलेली हिरवट अक्षरं... द्वारका.

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. अक्षरं वाचली, दाखल्यावरचं नाव पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "द्वारकाधीश भी यहीं पढ़े थे. जाइए, बैठिए." माझ्याकडे वळून मात्र आवाज चढवला, "और आप! पेपर छूटने से पहले शपथपत्र लेकर आइए."

मी कचेरीकडे सायकल अशी दामटली की विचारू नका. पेपर सुटायच्या आत, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र सरांच्या टेबलावर होतं. निकालात ती सेकंड डिव्हिजननं पास झाली, आणि मार्कशीटवर नाव आलं द्वारका. बालवाडीतलं काम टिकलं. आज तिथे ती बडी दीदी, म्हणजे मुख्य बाई आहे.

पण खरं सांगतो, घरी मी तिला वैशालीच म्हणत राहिलो. सवय...

तर मंगळवारी ती कॉम्प्युटरवरची मुलगी विचारत होती, कौन सा नाम डालूँ? माझं तोंड उघडलं होतं. मिटलं. म्हटलं, "उन्हीं से पूछो, बेटा."

सौ.नं माझ्याकडे जरा पाहिलं. "द्वारका लिखो," ती म्हणाली. "पति का नाम वही रहने दो."

घरी आल्यावर पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली, "द्वारका, चहा ठेवतेस का?" जीभ जरा अडखळली. आतून उत्तर आलं, "आज तुम्हीच ठेवा."

चहा उकळेपर्यंत त्या सरांची आठवण येत राहिली. त्यांचं नावही मला माहीत नाही. फाटकाशी उभं राहून त्यांनी मला बाजूला केलं आणि तिला विचारलं... एवढीच गोष्ट शिकायला मला सतरा वर्षं लागली. महाकाल त्यांचं भलं करो.