बाई थांबल्या तेव्हा

गडचिरोलीला एम.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्प करायचा होता. निम्म्या वर्गानं हजेरीचं ॲप घेतलं. प्रकल्पातली माझी जोडीदारीण वडशाची. तिच्या घरामागच्या खोलीत साठीचे एक प्रॉम्प्टर भाड्यानं राहायचे. ती त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही. आमच्या झाडीपट्टी भागात दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की रोज नवं गाव, आणि तालमी मोजक्याच. नटांना सगळं पाठ होणं शक्यच नसतं. विंगेत बसून कुजबुजत एकेक वाक्य पुरवणारा माणूस नसला तर नाटक पुढे सरकत नाही.

कल्पना तिचीच होती. फोननं नटाचं बोलणं ऐकायचं आणि तो अडकला की पुढचं वाक्य त्याच्या कानातल्या इयरफोनमध्ये सांगायचं. मी लगेच हो म्हटलं. मी आलापल्लीची. लहानपणी नाटक पाहताना माझं अर्धं लक्ष विंगेकडेच असायचं. तो न दिसणारा माणूस नेमका कधी बोलतो, याचं मला फार कुतूहल होतं.

भाऊंच्या एका नाटकाची अख्खी संहिता आम्ही टाइप केली. जोडीदारिणीनं प्रत्येक वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड केलं. नियम साधा ठेवला: नट तीन सेकंद गप्प, की पुढचं वाक्य.

वडशातल्या एका राइस मिलच्या मागच्या हॉलमध्ये दुपारी त्या नाटकाची तालीम होती. आईचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर मुरलेल्या. त्यांनी हसत हसत इयरफोन केसांखाली बसवून घेतला. प्रसंग असा की घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दारात उभा आहे. बाई दारापर्यंत गेल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि थांबल्या. तीन सेकंद झाले. फोननं त्यांच्या कानात सांगितलं, ‘हातपाय धू, जेवायला वाढते.’

बाई दचकल्या. “अवं पोरी, मी रडून राह्यली होती ना! तुह्या फोनले समजत नाई का?”

सगळे हसले. आम्ही तिनाचे सहा सेकंद केले. पुढच्या प्रवेशात बाई खरोखरच विसरल्या. शांततेतले सहा सेकंद किती लांब असतात ते मला तेव्हा कळलं. मुलाचं काम करणारा नट आपल्या चपलांकडे पाहू लागला. ॲप बोलायच्या आधीच विंगेतून भाऊंनी दोन शब्द टाकले. दोनच. बाकीचं वाक्य बाईंनी स्वतः उचललं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले.

“भाऊ, बाई विसरल्या का रडून राह्यल्या, हे तुमाले कसं समजते?”

त्यांना विचार करावा लागला. असं कोणी त्यांना कधी विचारलं नसावं. “मानेकडं पाहा,” ते म्हणाले. “विसरली, का आवंढा गिळते. रडाची असली तं नाई गिळत.”

पुढचे चार दिवस मी वही घेऊन माणसांच्या माना पाहत बसले. कोणी थांबलं की आधी मनाशी अंदाज करायचा, मग भाऊ काय करतात ते पाहायचं. पहिल्या दिवशी माझे निम्मे अंदाज चुकले. मुलाचं काम करणारा गिळायचा नाही, कॉलर ओढायचा. खलनायक तर विसरला की आधीचंच वाक्य पुन्हा म्हणायचा, अधिक रागानं.

जोडीदारीण वैतागली. “तू प्रोजेक्ट करून राह्यली का नाटक पाहून राह्यली?”

मी वही तिच्यापुढे ठेवली. विसरून थांबलेले आणि मुद्दाम थांबलेले क्षण सेकंदांत जवळजवळ सारखेच होते. “ऐकाचं काम फोनकडून काढून घेऊ. भाऊच ठरवतील,” मी म्हटलं. कोड सगळा तिचा होता, तीन आठवड्यांचा. ती म्हणाली, “मंग उरते काय?”

उरलं ते इतकंच: भाऊंच्या सदऱ्याला लहानसा माइक, हातात एक बटण, आणि ते दाबलं की त्यांची कुजबुज थेट नटाच्या कानात. फुरंगटत का होईना, तिनं ते दोन दिवसांत उभं केलं. वर सुचवलं, “भाऊ, आता तुमी मांगं खुर्चीवर बसू शकता. गुडघे दुखनार नाईत.”

“मंग मान कशी दिसन?” भाऊ म्हणाले, आणि विंगेतच बसले.

बाईंना नेमकं कसं ऐकू येतं, हे भाऊंना जाणून घ्यायचं होतं. इयरफोन स्वतःच्या कानात घालून ते रंगमंचाच्या मधोमध गेले. मी त्यांच्या जागी बसले, बटण दाबलं आणि आईचं वाक्य कुजबुजले. भाऊंनी ते म्हटलं, पण कुजबुजतच.

“भाऊ, जोरानं!” खालून बाई ओरडल्या. “मांगच्याईले ऐकू याले पायजे.”

दुसऱ्यांदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा मोकळा आला, आणि माझी वाट न पाहता त्यांनी पुढची चार वाक्यंही हात पसरून म्हणून टाकली. मिलमधली माणसं खिडकीतून डोकावू लागली. खाली उतरताना भाऊ लाजले होते. “इतकं मोठ्यानं बोलाची सवय नाई मले,” म्हणाले. मग हळूच विचारलं, “मी बी कानात असाच ऐकू येतो का? श्वासासगट?”

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “हे ॲप स्वतः ओळखणार होतं ना? मग आता यात तुमचं काय?” मी वही दिली. गिळण्याचं, कॉलरचं सांगितलं. मग सर त्याबद्दलच विचारत राहिले, ॲपचा विषय पुन्हा निघाला नाही. गुण मात्र मध्यमच पडले. पहिला क्रमांक एका हजेरीच्या ॲपला गेला.

बाईंनी आमचं यंत्र थोडेच प्रयोग वापरलं. कानात काही असलं की लोकांचं हसणं-रडणं अर्धंच ऐकू येतं, म्हणून परत दिलं. मुलाचं काम करणाऱ्यानं ते मागून घेतलं. महिन्याभरानं त्याचा जोडीदारिणीला फोन आला. बटणातला सेल संपला होता, तो कोणत्या नंबरचा लागतो, एवढंच त्याला हवं होतं. तिनं त्याला नंबर सांगितला, कुठल्या दुकानात मिळेल ते सांगितलं, सेल कुठल्या बाजूनं बसवायचा तेही दोनदा सांगितलं. निकालाच्या दिवशीही मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.