गिटार मामूंचा उलटा हात

तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन मी पक्कडीने मोडून काढली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामूंच्या आठवणी लिहिता लिहिता मी पुन्हा गोड गोड लिहीत सुटेन आणि ती गोष्ट राहून जाईल. इतकी वर्षं ती तशीच राहून गेली आहे.

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात त्यांचं गिटारींचं दुकान होतं. खरं नाव फार थोड्यांना माहीत. सगळे गिटार मामूच म्हणायचे. आमच्या ऑर्केस्ट्रात ते इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे आणि मी साउंड सांभाळायचो. गिटार गळ्यात अडकवली की मामू तारांना आधी उलटा हात लावत. बोटांची मागची बाजू, तीही तापलेल्या तव्याला लावावी तशी, जेमतेम. "सुलटा हात लावला आन् करंट असला तं मूठ बंद होते बेटा. मंग तुम्ही तारेला न्हाई धरत, तार तुम्हाला धरते."

आमचा ढोलकीवाला विचारायचा, "मामू, घरी मामीला पन उलटाच हात लावता का?"

"तिथं दोन्ही हात जोडतो," मामू म्हणायचे. आम्ही खिदळायचो. ते हसता हसता दुसऱ्यांदा उलटा हात लावून बघायचे.

दुसरी सवय पायांची. स्टेज कसलंही असो, फळ्यांचं की नुसती सतरंजी, ते चपला खाली काढूनच चढत. "इथं रोटी भेटते. रोटीवर चप्पल घालून कोण जातं?"

गिटार ओळखण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. गिटारच्या डोक्यावर लिहिलेलं नाव ते वाचतच नसत. "नाव तर रिक्षाच्या मागंबी लिवतात." गिटारची मान डोळ्याला लावून, सुतार फळी बघतो तसे, ती सरळ आहे का बघत. वायर न जोडता एक तार छेडून लाकडाला कान लावत. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या कुठे झिजल्यात ते नखाने चाचपून सांगत, मालक दोनच गाणी वाजवायचा की दोनशे. एकदा औरंगाबादहून एक जण साठ वर्षांपूर्वीची म्हणून एक तपकिरी गिटार घेऊन आला. रंग उडालेला, कडा घासलेल्या. मामूंनी स्क्रू काढून पुढची प्लास्टिकची पट्टी उचलली. खालचं लाकूडही तसंच काळवंडलेलं होतं. मामू म्हणाले, "साहेब, पट्टीच्या खाली ऊन कसं गेलं? झाकलेली जागा कोरी राहते. हिला चहाच्या पाण्यात म्हातारी केली कोणीतरी." तो माणूस चहासुद्धा न घेता गेला.

खरी जुनी गिटार असली तरी ते लगेच किंमत सांगत नसत. आधी विचारत, "विकायची का ठेवायची?" विकायची असेल तर सांगत. ठेवायची असेल तर म्हणत, "मंग कशाला विचारून राह्यला? किंमत कळली की वाजवताना हात कापतो."

शिकाऊ मुलांना घेऊन आईबाप येत, तेव्हा मामू फार गंभीर होत. जुन्या गिटारी त्यांच्यापासून लांब ठेवत. "जुनीचे नखरे असतात. पहिली गिटार गरीब स्वभावाची पाहिजे. तार खाली पाहिजे, बोट दुखलं की पोरगं पळतं." मग मुलाच्या मांडीवर गिटार ठेवून चहा मागवत. चहा संपेपर्यंत मुलाने खांदा उडवला नाही, तर वजन बराबर.

आता आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावची संध्याकाळ. मैदानात धूळ उडू नये म्हणून गावकऱ्यांनी टँकरने पाणी मारलं होतं आणि त्या ओलीवरच सतरंज्या टाकल्या होत्या. तेच स्टेज. मामूंनी दिवस असतानाच उलटा हात लावून तपासून घेतलं. सगळं ठीक होतं. कार्यक्रम निम्म्यावर आला आणि वीज गेली. कुणीतरी जवळच्या गिरणीतून दुसरी लाइन ओढून आणली. त्या बोर्डाला दोनच भोकं. मामूंच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून करंट झिरपलाच तर तो जाड पिनेतून जमिनीत जायचा, हे मला माहीत होतं. पण लोक शिट्ट्या मारत होते, मॅनेजर माझ्या कानाशी ओरडत होता. मी पिन मोडली, खिशात टाकली, प्लग खुपसला.

"दिलीप, अर्थिंग बराबर आहे का?" मामूंनी लांबून विचारलं.

"बराबर आहे मामू, करा चालू."

त्यांनी माझ्या शब्दावर सुलटा हात लावला.

किंकाळी आली नाही. गिटारचा एकच सूर लांबत गेला, थांबेचना. लोकांना वाटलं, गाण्यातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मामूंची डावी मूठ दिसली, गिटारच्या मानेवर आवळलेली, आणि ओल्या सतरंजीवर ताठ झालेले त्यांचे अनवाणी पाय. मी वायर ओढली तेव्हा ते पालथे पडले.

त्यांना जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. मी सामान आवरायच्या नावाखाली मागे राहिलो आणि सगळ्यात आधी प्लग बदलला. मामू वाचतील की नाही याची भीती मला होतीच. पण तो प्लग कुणी बघेल, याची भीती तिच्याहून मोठी होती.

मामू वाचले. डाव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडली. घरी आल्यावर त्यांनी ॲम्प्लिफायर उघडला. अर्थिंगच्या वायरीला त्यांनी स्वतः शिशाचा टाका मारलेला होता. तो त्यांनी बोटाने हलवून हलवून बघितला आणि मला म्हणाले, "मेराच टाका कच्चा निकला, दिलीप." मी समोर उभा होतो. मी म्हणालो, "होतं असं, मामू."

त्यानंतर त्यांनी दुकानाची पाटी उतरवली. कुणी मुलाला घेऊन पहिली गिटार निवडायला आलं की म्हणत, "दुसरीकडं विचारा, माझा भरवसा न्हाई." मी त्या बोळातून जाणं बंद केलं, धान्याच्या मोंढ्याकडून लांबचा वळसा घ्यायचो. पुढे परतूरला मंडपाचा धंदा टाकला. तिथेही स्पीकर गुणगुणला की मी धावत जाऊन आधी बटण बंद करायचो. फोन वाजला की वाटायचं, त्यांना कळलं.

यंदा मुलं शिकायला बाहेर गेली आणि बायको म्हणाली, "अहो, मला इलेक्ट्रिक गिटार शिकायचीय."

"या वयात?"

"मग काय, तुमच्या खुर्च्या मोजत बसू? तुमचे ते मामू निवडून देतील ना? जाऊ या."

मी बरीच कारणं सांगितली. तिने वाद्यांच्या दुकानातून एक गिटार आणि छोटा ॲम्प्लिफायर बघण्यापुरता मागून आणला आणि मला रेल्वेत बसवलं. निघताना मी कपाटातल्या डबीतून ती पितळी पिन काढून खिशात टाकली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मामू दुकानाच्या त्याच खोलीत चटईवर बसले होते, खूप वाळलेले. मला बघून म्हणाले, "लई दिवसांनी आला रे. रस्ता विसरला होता का?" बायकोने गिटार पुढे ठेवली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दडवले. "सूनबाई, मी हात न्हाई लावत."

"नुसतं बघा तरी, मामू."

त्यांनी लांबूनच बघितलं. डोळे क्षणभर पहिल्यासारखे झाले. "मान सरळ दिसून राह्यली. तार बी खाली आहे…" मग आवाज पडला. "पन मी बराबर म्हणलं आन् तुला काही झालं तं? दुसरीकडं दाखव, बेटा."

बायको हसली. तिने प्लग लावला, बटण दाबलं. ती ओळखीची गुणगुण खोलीत पसरली. तिने तारांकडे हात नेला आणि मामू ओरडले, "उलटा हात! सूनबाई, पहले उलटा हात!"

त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की भीतीत मीच जगतो आहे. हा माणूस रोज, आपल्या हातून कुणीतरी मरेल, अशा भीतीत बसून होता, आणि ती भीती त्याची नव्हतीच.

मी उठून बटण बंद केलं आणि पिन त्यांच्यासमोर चटईवर ठेवली.

"मामू, तुमचा टाका पक्का होता."

त्यांनी आखडलेल्या बोटांनी पिन उचलायचा प्रयत्न केला. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा उचलून डोळ्यांजवळ नेली, मोडलेली कड नखाने चाचपली. कुठल्या वस्तूचं काय झालंय, हे त्यांना सांगावं लागत नसे. बायको माझ्याकडे बघत होती. मला पळून जावंसं वाटत होतं.

मामूंनी विचारलं, अगदी त्या संध्याकाळच्या आवाजात, "दिलीप, अर्थिंग बराबर होती का?"

"नव्हती, मामू. दोनच भोकं होती म्हणून ही पिन मी मोडली आणि तुम्हाला बराबर आहे म्हणून सांगितलं. तुम्हाला जीपमध्ये घातल्यावर प्लगही मीच बदलला. तुम्ही टाका कच्चा म्हणालात, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. चूक माझी होती, तुमची कधीच नव्हती. मला माफ करा, मामू."