हकीमसाहेबांची पायरी

तो माणूस आता मला डोळ्यांसमोर नको वाटतो. शहागडच्या फाट्यावर त्याचं हॉटेल आहे. चहा देता देता तो गावातल्या जुन्या माणसांच्या गोष्टी सांगतो. नदीकाठच्या जुन्या सराईत हकीमसाहेब गोरगरिबांना औषध देत बसायचे, हे सांगताना खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसतो. "त्यांच्या पायरीवर चप्पल घालून कुणी चढलं न्हाई. बिलकुल न्हाई."

परवा सराई पाडायला जेसीबी आला, तेव्हा सगळ्यांत पुढं हाच. मला वाटलं, आडवा पडेल. तर हा ड्रायव्हरला म्हणतो, "जरा बाजूनं घे. ती पायरी फुटू देऊ नको, मला पाह्यजे."

आज ती पायरी त्याच्या हॉटेलच्या नळाखाली आहे. लोक तिच्यावर उभे राहून चुळा भरतात. माझं डोकंच फिरलं. "लाज वाटत न्हाई का?"

"वायाच चालल्ती भाऊ, मंग आणली," म्हणाला, आणि एका परमुलखातल्या ट्रकवाल्याला हकीमसाहेबांची तीच गोष्ट सांगत बसला.

ट्रकवाल्यानं सगळी ऐकली. हात धुवायला उठला, आणि पायरीपाशी जाऊन त्यानं चपला काढल्या.

हा खदखदून हसला. "राहू द्या हो, आता कशाला!"