फुकट जेवणाचा अर्ज

दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय ओडेटा रॅटलिफला घास गोड लागत नसे. केंटकीच्या डोंगरातल्या त्या शाळेच्या कचेरीत तिला सव्वीस वर्षं झाली होती, आणि अर्ध्या खोऱ्यात कुणाचं कसं चाललंय हे तिला तोंडपाठ होतं. हा भोचकपणा शाळेच्या कामीच येई. मुलाला फुकट जेवण मिळावं म्हणून घरची मिळकत सांगणारा अर्ज पालकांकडून तीच भरून घ्यायची. गरीब घरची मुलं पुरेशी भरली तरच वॉशिंग्टनहून निधी यायचा, आणि त्या निधीवर जेनेलबाई मागे पडलेल्या पोरांना वाचायला शिकवत.

यंदा घोळ झाला. दुपारचं जेवण सगळ्याच मुलांना फुकट झालं आणि लोकांनी अर्जाला केराची टोपली दाखवली. "ताट मिळतंय ना, मग कागद कशाला?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण अर्ज नाहीत म्हणजे मोजणीत गरीब नाहीत, आणि गरीब नाहीत म्हणजे जेनेलबाई नाहीत.

ओडेटा चर्चच्या जेवणावळीत फिरली, पेट्रोल पंपावर उभी राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी दोन अर्ज कमी होते. ती व्हर्नन मलिन्सच्या गॅरेजात गेली. त्याची धाकटी जेनेलबाईंकडेच अक्षरं जुळवायला शिकत होती.

"व्हर्नन, एवढं भरून दे बाबा."

"सरकारपुढे हात नाही पसरत मी, ओडेटाबाई."

"हात कसला पसरतोस? मिळकत लिहायची नुसती."

"आणि ती वाचणार तुम्ही! उद्या खोरंभर बोभाटा."

"सव्वीस वर्षांत कुणाचा आकडा माझ्या तोंडून ऐकलायस?"

खरंच ऐकला नव्हता. ओडेटा भोचक होती, चहाडखोर नव्हती. व्हर्नन डोळे बारीक करून म्हणाला, "तुमची नात तिसरीत आहे ना? तिचा भरलात?"

ओडेटानं तो भरलाच नव्हता. लेक परगावी गेल्यापासून नात तिच्याकडेच होती. शाळेच्या पगारात दोघींचं कसं भागतं हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. जगाला 'यात लाजायचं काय' म्हणत फिरणारी ही बाई स्वतःच लाजत होती, आणि आता तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिनं पिशवीतून कोरा अर्ज काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून खसाखसा भरला आणि व्हर्ननपुढे धरला.

"वाच."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"एवढ्यात दोघी?"

"एवढ्यात दोघी. आणि हे खोऱ्यात कळलं, तर कुणी सांगितलं ते मला ठाऊक असेल."

व्हर्ननने हाताचं ग्रीस पुसलं आणि तिच्याकडे पेन मागितलं.