देवळाबाहेरच्या चपला

आमच्या गावात विटाळ कापसाला लागत नाही. पापडाला लागतो, लोणच्याला लागतो, देवाला तर लागतोच लागतो. पण वेचणीचे दिवस आले की बाई विटाळानं बाहेर बसलेली असो नाहीतर घरातली, कमरेला फडकं बांधून तिनं शेतात गेलंच पाहिजे. तिथं कोणाचं काही बाटत नाही. लग्न होऊन आले तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा मी हसले होते. आता या गोष्टीचं मला हसू येत नाही.

गाव आमचं देवळी तालुक्यातलं, पुलगावच्या अंगाला. माझा नवरा शिकला, त्याला नोकरी लागली आणि आम्ही वर्ध्याला सिंदी मेघ्यात घर केलं. थोरला भाऊ, म्हणजे माझे भासरे, शेती बघत गावातच राहिले. त्यांची बायको ती माझी मोठी जाऊ. दोघी एकाच घरच्या सुना, पण मी सिंदी मेघ्यात राहते म्हणून माझ्या गल्लीत डॉक्टरीणबाई आहेत. शेजारीण म्हणाली चल, म्हणून मी एकदा दळण टाकून येताना गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून आले. दुखलं नाही, फार वेळ लागला नाही, घरी येऊन कणीक भिजवली. इतकी साधी गोष्ट आहे ती.

जाऊ माझ्यापेक्षा बरीच मोठी. मला पुरणाचा अंदाज तिनं शिकवला, बाळंतपणात डिंकाचे लाडू तिनं करून घातले, आणि सासूबाई माझ्यावर घसरल्या की मध्ये तीच पडायची. ‘‘जाऊ द्या ना मामी, लहान आहे थे,’’ म्हणायची. तिची पाळी गेली तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं होतं, ‘‘सुटली माय मी.’’ तिला आनंद याचा की आता महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात कधी अडचण येणार नाही. थोरल्या सुनेचा मान तो. दरवर्षी सोळा भाज्यांपासून आंबिलीपर्यंत सगळं तिच्या हातचं असायचं.

आणि मग काही वर्षांनी तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं.

आमच्याकडे बाईच्या अंगावरून गेलं की ती बाहेरची. मग ते कशानं जातंय हे कोणी विचारत नाही. तिनंही विचारलं नाही. चटई वेगळी केली, गिलास वेगळा केला आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, उष्णता असेल, सब्जा पी. ती सब्जा पीत राहिली, विटाळ पाळत राहिली आणि सकाळी उठून कापूस वेचायला जात राहिली.

त्याच हिवाळ्यात गावात शिबिर आलं. बायकांच्या कॅन्सरच्या तपासणीचं. आमच्या गावची आशाताई बौद्ध वस्तीतली. तिनं सुचवलं होतं की शिबिर विहाराच्या हॉलमध्ये घेऊ, तिथं दाराची बंद खोली आहे, मागे संडास आहे, पाणी आहे. गावातले दोन-चार मोठे लोक म्हणाले, ‘‘आपल्या बाया तिकडे कायले जातीन?’’ झालं. शिबिर देवळाच्या सभामंडपात ठरलं. खांबांना साड्या बांधून आडोसा केला आणि टेबल लावला. देवळात शिबिर म्हटल्यावर वस्तीतल्या बाया आल्या नाहीत. ज्या पायरीवरून आपल्या आजीला हाकललेलं त्यांनी ऐकलं होतं, ती पायरी त्यांनी कशाला चढावी? आणि ज्यांच्या अंगावरून जात होतं त्यांना तर देवळात पाऊलच टाकता येत नव्हतं. म्हणजे उरल्या कोण, तर ज्यांना काही झालेलं नव्हतं त्या. त्यांची तपासणी झाली, फोटो निघाले, शिबिर यशस्वी झालं म्हणून भोंग्यावरून सांगितलं गेलं.

माझी जाऊ गेली होती त्या दिवशी. हे मला नंतर कळलं. आशाताईनं तिला सांगितलं होतं, ‘‘काकू, तुमच्यासाठीच आहे हे, येजा नक्की.’’ म्हणून ती डोक्यावरून नाहून, धुतलेलं पातळ नेसून गेली आणि देवळाबाहेर कडुनिंबाच्या ओट्यावर बसली. आत जाणाऱ्या बायांनी चपला तिच्यापुढे काढल्या. लेकरंही तिच्याजवळ ठेवली. ‘‘काऊन बसली वं बाहेर?’’ कोणी विचारलं की म्हणायची, ‘‘काई नाई, अशीच.’’ सगळ्यांना कळत होतं. बाईला बाईचं कळत नाही असं होतं का? पण सगळ्या आत निघून गेल्या. आशाताई आत कागदपत्रांत अडकलेली, ती बाहेर आली तेव्हा ओटा रिकामा होता. दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या चपला सांभाळून माझी जाऊ घरी निघून गेली होती.

मी गावाला गेले ती पुढच्या भादव्यात, महालक्ष्म्यांना. स्वयंपाकघरात चुलीपुढे चुलत जाऊ बसलेली. मी विचारलं, ताई कुठं आहे? कोणी धड बोलेना. मागे गेले तर पडवीत ती चटईवर, भिंतीला टेकून. हाताची काडी झालेली. दोरीवर फडकी वाळत होती आणि जवळ गेल्यावर जो वास आला तो पाळीचा नव्हता. मी म्हणाले, ‘‘ताई, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, हे काय आहे?’’ तर माझ्यावरच डाफरली, ‘‘शिवू नको मले, तुले आत आरती कराची आहे.’’

मी शिवले. आरती गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात जेवणावळीची भांडी तशीच पडलेली असताना, मी तिला गाडीत घालून वर्ध्याला आणलं. सासूबाई म्हणाल्या, आज लक्ष्म्यांचं विसर्जन तरी होऊ दे. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर भल्या होत्या. तपासून हात धुतले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसल्या. ‘‘आधी यायला पाहिजे होतं हो मावशी. सुरुवातीला सापडलं असतं तर बरं करता आलं असतं.’’ जाऊ खाली बघत म्हणाली, ‘‘आलती ना मी. बाहेर बसलती.’’ डॉक्टरांना ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर भाकरी खाता खाता तिनं सगळं सांगितलं, अगदी साधेपणानं, जसं काही शेजारणीचंच सांगते आहे. मला राग आला की रडू येतं. मी रडत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

कॅन्सरवर किरणांचा शेक सुरू झाला तेव्हा ती माझ्याकडेच राहिली. रोज रिक्षानं जायचो. शेकानं रक्त थांबलं. एक दिवस न्हाणीतून बाहेर आली, चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला, आणि मला म्हणाली, ‘‘आता देवळात चालते ना मी?’’ आजार आतून पसरलेला होता, मला सांगितलेलं होतं, तिला नाही. मी म्हणाले, चालते ताई. बरी झाली की जाऊ. ती उन्हाळ्यात गेली. देवळात जायचं राहून गेलं.

तेरवीला भासऱ्यांनी जाहीर केलं की बायकोच्या नावानं सभामंडपाला फरशी बसवतो. बैल गेला आणि झोपा केला. माणूस वाईट नाही. रडला खूप. पण बायको पडवीत वाळत होती तेव्हा याच माणसानं मला सांगितलं होतं, ‘‘बायकाईचं आहे, मी काय विचारू?’’ दारातून आत पाय टाकला की पहिल्याच दगडावर आता तिचं नाव आहे, ‘कै. सौ.’ पासून ‘स्मरणार्थ’पर्यंत. दगड झाल्यावर तिला आत घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी त्या दिवशी जेवून उठले आणि वर्ध्याला परत आले.

यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा शिबिर ठरलं. आशाताईनं फोन केला, ‘‘काकू, पुन्हा देवळातच घेऊन राह्यले.’’ शिबिराच्या दिवशी सकाळीच मी बसनं गेले. आधी देवळात त्या मोठ्या लोकांना भेटले. म्हटलं, शाळेत घ्या, विहारात घ्या, कुठंही घ्या, इथं नको. त्यातला एक हसून म्हणाला, ‘‘आता काय अडचण आहे? फरशी तं तुमच्याच जावेच्या नावाची आहे.’’

बाहेर आले. कडुनिंबाच्या ओट्यावर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. पदर पोटाशी घट्ट धरलेला आणि पुढे दुसऱ्यांच्या चपला. मी विचारलं, ‘‘काऊन बसली बाहेर?’’

‘‘काई नाई,’’ ती म्हणाली, ‘‘अशीच.’’

मी तिचा हात धरला. ती मागे ओढायला लागली. ‘‘नाई बाई, देवाचं आहे. विटाळ होते.’’

‘‘देवाच्या आधी माझी जाऊ आहे तिथं,’’ मी म्हणाले. ‘‘दारातल्या फरशीवर तिचं नाव आहे. विटाळ लागला तं तिले लागन. तिले चालते.’’

दारात उभे असलेले लोक आमच्याकडे बघत होते. मग ती खाली वाकली आणि तिनं आपल्याही चपला काढल्या.