मोकळी बाकं

आमच्या चर्चला आधी पत्रे आले, मग बाकं आली, मग बाकांवरून भांडणं आली. फादर सगळ्यांत शेवटी आले.

धाराशिवच्या बायपासपलीकडं नवीन प्लॉट पडले, तेव्हा तिथं घरं बांधणाऱ्यांत आम्ही काही कॅथलिक कुटुंबं होतो. कुणी एसटीत, कुणी दवाखान्यात नर्स, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. मिस्सा, म्हणजे आमची फादरांसोबतची उपासना, आमच्याच पुढच्या खोलीत व्हायची, तीही दुसऱ्या जिल्ह्यातले फादर महिन्याकाठी यायचे तेव्हा. मग आम्ही पत्र्याचं चर्च उभं केलं. उभं केलं म्हणजे आम्हीच केलं. पाया खांदताना माझ्या हाताला फोड आले होते, ऐकीव सांगत न्हाय. आता बिशपांनी आम्हाला स्वतंत्र धर्मग्राम करून इथं राहणारा फादर द्यावा, एवढंच बाकी होतं.

त्याची खरी घाई माझ्या सासूबाईंना होती. मरणाऱ्याच्या कपाळाला फादर पवित्र तेल लावतात. सासरे गेले तेव्हा फादरांची गाडी येरमाळ्याच्या घाटात बंद पडली आणि ते पोचले माती झाल्यावर. तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद, "माझ्या वेळंला फादर हाकेच्या अंतरावर पायजे. न्हायतर म्या मरतच न्हाय, बघा!"

तेवढ्यात कुठल्याशा जुन्या चर्चनं आपली लाकडी बाकं आम्हाला दिली. चांगली उंच पाठीची. आमचे महिन्याचे फादर वसईकडचे, तिकडं चर्चमध्ये बाकांवरच बसतात, ते खूश. पण आमची माणसं वहाणा बाहेर काढून देवापुढं खाली बसणारी. बाकं मांडली तरी सगळे दोन बाकांच्या मधल्या जागेत चटया टाकून मांडी घालून बसायचे, आणि बाकांवर ठेवायचे पिशव्या आन् डबे. फादर म्हणायचे, "बाई, तुम्ही तरी सांगा यांना." मी सांगायची. सगळे मान डोलवायचे आणि खालीच बसायचे.

मग बिशपांच्या ऑफिसातून विचारणा झाली, माणसं किती येतात, फोटो पाठवा. फादरांनी दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढला. पाठीमागून बघितलं की उंच पाठींच्या आड एक डोकं दिसेना. नुसती मोकळी बाकं! वरून उत्तर आलं की इतक्या कमी माणसांसाठी वेगळा फादर देणं अवघड आहे. तरी बिशप एकदा स्वतः येऊन बघतील. माझा पारा असा चढला! अरे, चर्चभर माणसं बसलीत आणि म्हणे कमी!

मी वर्ग घ्यावा तसं सगळ्यांना उठवून बाकांवर बसवलं. "बिशप येतील त्या दिवशी जो खाली बसेल त्याची माझ्याशी गाठ आहे," असा दमच दिला. लोक हसले, पण कबूल झाले. सासूबाईंनी तेवढी आपली चटई गुंडाळून काखेत मारली. तिथंच मी ओळखायला पायजे होतं.

बिशपांची गाडी दारात लागली तेव्हा आम्ही सगळे शिस्तीत बाकांवर. तेवढ्यात सासूबाई आल्या, सरळ पुढं गेल्या आणि पहिल्या बाकापुढं चटईवर बसल्या.

"आई, उठा, वर बसा," मी दात खात म्हणलं. "तुमच्याच फादरचा प्रश्न आहे!"

"देव म्होरं असताना म्या वर? तू बस की."

झालं. म्हातारं माणूस खाली बसलेलं असताना वर कोण बसणार? आधी पुढच्या बायका घसरल्या, मग त्यांच्या मागच्या, मग पुरुष. बघता बघता सगळं चर्च खाली. मी एकटी वर राहिले, शेंडीसारखी. रडूच आलं मला. शेवटी मीही उतरले.

बिशप दारातून आत आले आणि मोकळ्या बाकांमधून वेदीवर नजर ठेवून सरळ चालू लागले. त्यांचा चेहरा पडलेला मी खालून बघितला. गेला आमचा फादर, असंच वाटलं. ते वेदीच्या ओट्यावर चढले, वळले, आणि तिथून त्यांना बाकाबाकाच्या मागं डोकी दिसली. बघतच राहिले. त्यांनी पहिलं वाक्य म्हणलं आणि खालून असा जबाब गेला की पत्रे वाजले. बिशप इतके हसले की प्रार्थना थांबली.

शेवटी ते म्हणाले, "फोटो बघून मी नकोच म्हणणार होतो. फादर आता इथंच राहतील."

आज आमच्या चर्चमागं फादरांच्या दोन खोल्या आहेत, रविवारी अंगणातसुद्धा चटया टाकाव्या लागतात. लई मोठं झालंय आमचं चर्च, आणि मी ते छाती काढून सांगते.

सासूबाईंची वेळ गेल्या उन्हाळ्यात आली. माझ्या नवऱ्यानं कंपाउंडवरून हाक मारली. फादर कणीक मळत होते, हात धुऊन तसेच धावत आले. त्यांनी कपाळाला तेल लावलं तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले. "आलाव व्हय?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची शवपेटी चर्चमध्ये ठेवायला आम्ही दोन बाकं जोडली. जन्मात त्या बाकांवर टेकल्या नव्हत्या. त्यांना वर ठेवलं आणि आम्ही सगळे खाली चटईवर बसलो.